मुक्कामाचा पत्ता

सोमवारी मुंबईला व्हिसाची अपॉइंटमेंट होती आणि बुधवार उजाडला तरी फॉर्ममधला एक रकाना रिकामाच होता. नाव, जन्मतारीख, पासपोर्टचा नंबर, जायची तारीख, यायची तारीख, सगळं निकेशने भरून टाकलं होतं. राहिलं होतं ते एवढंच, की रॉटरडॅमला गेल्यावर राहणार कुठे.

"त्यात काय इचारायचं?" जगन म्हणाला. "पोरीच्या घरी. दुसरं कुठं?"

"हाटेलात," कमळाबाई म्हणाली.

निकेशने लॅपटॉपवरून मान वर केली. पनवेलजवळच्या कोन गावातल्या त्यांच्या बंगल्यात दिवाणखान्यातला पंखा गरगरत होता आणि बाहेर हायवेला लागणाऱ्या ट्रेलरांचे हॉर्न चालू होते. निकेशचा धंदा त्याच ट्रेलरांचा. न्हावा शेवाहून कंटेनर उचलायचे आणि भिवंडी-चाकणला पोचवायचे. नेदरलँड्सला तो स्वतः कधी गेला नव्हता, पण रॉटरडॅमचं नाव त्याला कंटेनरवरच्या कागदांमुळे पाठ होतं.

"आई, दिपाचं घर आहे तिथे. वरच्या मजल्यावर पाहुण्यांची खोली आहे. रूपेशने तिकडच्या नगरपालिकेचा शिक्का मारून कागदसुद्धा पाठवलाय. हॉटेल कशाला?"

"मला हाटेल पायजेल. तू बघ."

निकेशने बघितलं. एक होतं स्टेशनजवळ, पण तिथून दिपाच्या घरी जायला ट्राम बदलावी लागत होती. एक नदीकाठी होतं, मोठ्या मोठ्या काचांचं. "इथून बंदराच्या क्रेन दिसतात, बाबा."

"क्रेन बघायला एवढं लांब कशापायी जायचं?" जगन म्हणाला. "गव्हाणफाट्यावर उभा राह्यलो तरी दिसतात."

तिसरं दिपाच्याच गल्लीच्या टोकाला होतं. लहानसं, चार मजल्यांचं, खाली न्याहारीची सोय. चालत पाच मिनिटं. कमळाबाईने त्याच्यावर बोट ठेवलं. "ह्ये."

जगनला कळेना. सहा वर्षं लेकीशी धड बोलणं नव्हतं. दिवाळीला एक फोन, तोही जगनच्या मोबाइलवर, आणि कमळाबाईने नुसतं 'बरी हायस ना' एवढं विचारायचं. आता लेकीला सातवा महिना लागला होता, तिने आपणहून फोन करून 'आई, येशील?' म्हटलं होतं, आणि कमळाबाई त्या रात्री जेवलीसुद्धा नव्हती, इतका तिला आनंद झाला होता. निदान जगनला तरी तो आनंद वाटला होता. आणि आता ही बाई पाच मिनिटांवर हॉटेल घेऊन राहायचं म्हणत होती.

"अजून जावयाचा राग हाय काय तुला?" त्याने विचारलं.

"नाय," ती म्हणाली. आणि ते खरं होतं. राग केव्हाच गेला होता. जे उरलं होतं ते रागापेक्षा वाईट होतं, आणि ते काय होतं हे तिने घरात कोणालाच सांगितलं नव्हतं.

गोष्ट अशी होती. जगनची आपट्याजवळ, पाताळगंगेच्या काठाला वीटभट्टी होती. दिवाळी झाली की रानाकडच्या वाड्यांमधली कातकरी माणसं बायकापोरांसकट भट्टीवर यायची, खोपी बांधून राहायची आणि पावसाच्या तोंडावर परत जायची. पांडू आणि मंगळी त्यातलेच. त्यांचा रूपेश आश्रमशाळेत शिकला, मग पनवेलच्या कॉलेजात आला, मग इंजिनियर झाला आणि सरकारच्या शिष्यवृत्तीवर पाण्याच्या बांधांचा अभ्यास करायला नेदरलँड्सला गेला. कॉलेजात त्याची आणि दिपिकाची ओळख झाली होती. ती ओळख कुठवर गेली हे घरी कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

पांडू आणि मंगळी रीतीने बोलणं करायला बंगल्यावर आले. धुतलेले कपडे घालून, नारळ आणि खण घेऊन. जगन त्या दिवशी उरणला गेला होता, निकेश गाडीवर होता. कमळाबाई ओट्यावर झोपाळ्यात बसली होती. तिने त्यांना आत बोलावलं नाही. ते दोघं पायऱ्यांवर बसले.

तिने विचारलं, "सा महिने भट्टीवर नि सा महिने रानात. माजी पोर तुमच्याकडं येऊन राहणार कुठं? खोपीत?"

पांडूने मान खाली घातली. मंगळी म्हणाली, "खोली बांधू."

"बांदा," कमळाबाई म्हणाली. "माजी पोर नाय येणार."

ते उठले. नारळ आणि खण मंगळीने परत पिशवीत घातला. आणि ते अजून गेटापर्यंत पोचलेही नव्हते तेव्हा कमळाबाईने बागेतला पाइप ओढला, नळ सोडला आणि ते बसले होते त्या पायऱ्या धुवायला घेतल्या. तिला कोणी सांगितलं नव्हतं. घरात कोणी तशी रीत पाळत होतं असंही नाही. भट्टीवर तिने मंगळीच्या हातचा चहासुद्धा कधीमधी घेतला होता. पण त्या दिवशी तिच्या अंगात काय शिरलं होतं देव जाणे. पाण्याच्या आवाजाने मंगळीने मागे वळून पाहिलं. मग गेट लावून घेतलं, हळूच, आवाज न करता.

पुढे दिपिकाने रजिस्टर लग्न केलं आणि ती गेली. 'आईने नकार दिला' एवढं सगळ्यांना माहीत होतं. पायऱ्यांचं कोणाला माहीत नव्हतं. पण रूपेशला नक्की माहीत असणार, कमळाबाई धरून चालली होती. आई मुलाला सांगणार नाही तर कोणाला? म्हणजे त्या घरात पाऊल टाकायचं, तर प्रत्येक पायरी चढताना तो बघणार. तो काही बोलणार नाही, तसा तो मुलगाच नव्हता. पण बघणार. त्याच्या हातचं जेवायचं, त्याने घातलेल्या अंथरुणावर झोपायचं, आणि सकाळी उठून त्याच्या तोंडाकडे बघायचं. हॉटेलात निदान दार लावून घेता आलं असतं.

गुरुवारी दुपारी दिपिकाचा फोन आला. तिकडे सकाळ होती. निकेशने तिला हॉटेलचं सांगून टाकलं होतं.

"आई, काय हे? खोली तयार करून ठेवलीय मी. नवीन पडदे लावलेत."

"तुला तरास नको, पोटुशी बाई तू."

"त्रास कसला? हॉटेलातून तू मला काय मदत करणार? इथे बाळंतपण झालं की एक नर्स घरी येते आठ दिवस, पण ती संध्याकाळी जाते. म्हणून तर रूपेशने दोन जोड्या कागद केले होते. आधी त्याच्या आईबाबांचे आणि मग तुमचे. चौघांची अपॉइंटमेंट पण एकाच दिवशी घेतली होती. पण मंगळीआई आता नको म्हणतात."

"का?"

"गुडघा दुखतोय म्हणे. जिना चढवणार नाही. आणि इथला जिना म्हणजे अक्षरशः शिडी आहे, ते खरंय. रूपेश हिरमुसलाय, पण काय करणार. त्यांची अपॉइंटमेंट रद्द करायची राहिलीय अजून."

कमळाबाईने फोन ठेवला. गेल्याच शनिवारी तिने मंगळीला पनवेलच्या बाजारात पाहिलं होतं. डोक्यावर रानातल्या कंटोल्यांची पाटी, आणि रिक्षांच्या मधून अशी तुरूतुरू रस्ता ओलांडत होती, की विशीतल्या पोरीने बघत राहावं. रूपेश पैसे पाठवायचा, तरी तिचं रान आणि बाजार सुटला नव्हता. कमळाबाईने तिला पाहिलं आणि गाडीची काच वर करून घेतली होती. तोंड लपवायला.

त्या बाईचा गुडघा दुखत नव्हता.

शुक्रवारी सकाळी जगन बाहेर पडल्यावर तिने रिक्षा बोलावली. गाडी नेली असती तर ड्रायव्हरने घरी सांगितलं असतं. जाताना काय न्यावं याचा तिने खूप विचार केला. साडी, फळं, मिठाई. ज्याचा विचार करावा ते दान दिल्यासारखं वाटायला लागलं. शेवटी रिकाम्या हातांनी गेली, आणि वाटेत त्याचीही लाज वाटत राहिली.

आपट्याच्या पुढे नदी मागे टाकून रस्ता चढाला लागतो, तिथे वाडी होती. वीस-पंचवीस घरं. पांडूचं घर कोणीही दाखवलं असतं, कारण 'परदेशवाल्याचं' म्हणून ते सगळ्यांना माहीत होतं. दोन खोल्यांचं, पत्र्याचं, स्वच्छ. बाजूला एक सुटी खोली होती, जुन्या विटांची, तिला लागून संडास-मोरी. मंगळी दारातच कंटोली निवडत बसली होती. कमळाबाईला बघून ती उठली. चेहऱ्यावर काही नाही, ना हसू ना आठी.

"या."

कमळाबाई तिथेच उंबऱ्याच्या बाहेर खाली बसायला लागली.

"तिथं नको," मंगळी म्हणाली. "वल हाय. आत या."

आत खुर्ची होती. तिने पाणी दिलं. कमळाबाईने ते सगळं पिऊन टाकलं, तहान नव्हती तरी. पांडू मागच्या दारातून आला, 'शेठाणी' म्हणून हात जोडले आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

"गुडघा कसा हाय?" कमळाबाईने विचारलं.

"कुठला?" मंगळी म्हणाली. आणि मग तिच्या लक्षात आलं. "आसं व्हय. पोरगी बोलली वाटतं."

"दुखत नाय ना?"

"नाय." मंगळी परत खाली बसली, पाटी पुढे ओढली. "खोली एक हाय. माणसं चार. पैल्या बाळतपणाला पोरीला तिची आई पायजेल. मी काय, पुढल्या साली जाईन. नातवंड काय पळून जातंय?"

कमळाबाईने दारातून बाजूच्या सुट्या खोलीकडे पाहिलं. ती म्हणाली, "बाहेरची खोली कवा बांदली?"

उत्तर पांडूने दिलं. "तवाच. तुमच्याकडून आलो नि दुसऱ्या दिशी विटा पाडायला घेतल्या. माज्या हातच्या हायेत. पोरं लगीन करून इथंच आली, अकरा दिस राह्यली. मग गेली."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो फक्त सांगत होता, आणि तेच तिला सोसवेना. सहा वर्षांत तिने कधी विचारलंच नव्हतं, की लग्नानंतर विमानात बसेपर्यंत आपली मुलगी कुठे झोपली.

"त्या दिसाचं," ती म्हणाली. "पायऱ्यांचं. रूपेशला काय सांगितलंत तुमी?"

"कायच नाय," मंगळी म्हणाली.

"त्याला ठाव नाय?"

"नाय. पोरीला बी नाय. आमी दोगांनी ठरवलं, सांगायचं नाय."

"का पण?"

मंगळीने एक पिकलेलं कंटोलं बाजूला टाकलं. "सांगून काय झालं असतं? त्यानं पोरीला सोडली असती, नायतर पोरीनं तुमाला. पोरगी आमाला कवा वाईट बोलली नव्हती. तिला कशापायी शिक्षा?" मग तिने पहिल्यांदा कमळाबाईच्या डोळ्यांत पाहिलं. "तुमच्यासाठी पोटात नाय ठेवलं, शेठाणी. पोरीसाठी ठेवलं. मी इसरले नाय. तुमचं आवार उताराचं हाय. पाणी गेटापोतर आलं. माज्या पायाला लागलं व्हतं."

बाहेर कोणाची तरी कोंबडी ओरडत होती. पांडू उगाचच मागच्या दाराची कडी सारखी करायला लागला.

"माजं चुकलं," कमळाबाई म्हणाली. हे वाक्य तिने रिक्षात कितीदा तरी मनात म्हणून पाहिलं होतं. प्रत्यक्षात ते फारच लहान निघालं.

"बरं," मंगळी म्हणाली. एवढंच. आणि निवडत राहिली.

"तुमी दोगं जा. खोलीत तुमी राहा. आमी हाटेलात राहू. मी तसं पोराला सांगते."

मंगळीचे हात थांबले. पहिल्यांदाच तिच्या आवाजाला धार आली. "आन् रातीला पोरीच्या पोटात कळ आली तर? हाटेलातून येशाल? तुमच्या जिवाला बरं वाटावं म्हणून पोरीला कशापायी लांब ठेवता?"

कमळाबाई उठली. जाताना मंगळीने तिला पिशवीभर कंटोली दिली. घेऊ नये असं वाटलं, आणि न घेणं त्याहून वाईट दिसलं असतं.

शुक्रवारची रात्र आणि शनिवारची सकाळ तिने कशी काढली ते तिचं तिला ठाऊक. खरं तर आता रस्ता मोकळा होता. रूपेशला काही माहीत नव्हतं. तिने निकेशला 'पोरीच्या घरचा पत्ता लिही' म्हटलं असतं, की झालं. गेली असती, जावयाने वाकून नमस्कार केला असता, नव्या पडद्यांच्या खोलीत ती सुखाने झोपली असती. मंगळी आणि पांडू मरेपर्यंत बोलणार नव्हते, याची तिला आता खात्री होती. आणि याच खात्रीने तिला घेरलं. आजवर ती त्याच्या नजरेला भीत होती. आता कळत होतं, की तो प्रेमाने बघेल, आणि ते प्रेम आपण चोरलेलं असेल. ज्यांच्याशी आपण तसं वागलो त्यांच्याच गप्प बसण्यावर आपला पाहुणचार होणार.

शनिवारी दुपारी जेवणं झाली. तिने जगनला थांबवलं, निकेशलाही थांबवलं.

"रूपेशला फोन लाव," ती निकेशला म्हणाली. "आवाज मोठा ठेव. तुमी दोगं बी ऐका. मला परत परत सांगता नाय यायचं."

रूपेशने लगेच उचलला. "हां मामी, बोला. फॉर्मचं काही अडलंय का?"

"अडलंय," ती म्हणाली. "राहणार कुठं ते लिवायचं हाय. त्याच्या आदी तू माजं ऐक. ऐकून मग तूच सांग मी कुठं राहू."

आणि तिने सांगितलं. नारळ, खण, पायऱ्या. स्वतः काय बोलली ते शब्द न शब्द. पाइप, नळ, आणि ते दोघं अजून आवारातच होते हे. पाणी मंगळीच्या पायाला लागलं होतं, हेही. आपण दारूच्या नशेत नव्हतो, कोणी भरीला घातलं नव्हतं, कोणी बघत नव्हतं. सांगताना तिने एकदाही रडून घेतलं नाही. रडलं असतं तर तो पोरगा तिचीच समजूत घालत बसला असता, आणि ते तिला नको होतं.

निकेशला वाटलं लाइन गेली.

"रूपेश?" तो म्हणाला.

"हो. ऐकतोय." मग, "मी नंतर करतो." आणि फोन बंद झाला.

निकेशने आईकडे पाहिलं आणि लॅपटॉप मिटला. जगन उठून ओट्यावर गेला. तिला वाटलं तो आता तिला खूप बोलेल. बोलावं असंही वाटलं. ती त्याच्या मागे गेली तेव्हा तो झोपाळ्यात न बसता पायरीवर बसला होता.

"पांडू पंचवीस सालं माज्या भट्टीवर व्हता," तो रस्त्याकडे बघत म्हणाला. "त्याचं पोरगं तिथं खोपीत जन्मलं. मी त्याला कवा म्हटलं नाय, चल घरी, जेवायला बस. तू पायरी धुतलीस. माज्या इतक्या वर्सांत तो पायरीपोतर तरी कुठं आला व्हता?"

ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली. दोघं अंधार पडेपर्यंत तिथेच बसले, एकमेकांकडे न बघता.

रविवारी फोन आला नाही. दिपिकाचा मेसेजही नाही. दुपारी निकेश चुळबुळायला लागला. "आई, उद्या सकाळी साडेनऊची वेळ आहे. काय लिहू? का रद्द करू?" ती म्हणाली, थांब. चार वाजले, पाच वाजले. तिने मनाशी धरलं, की आता जाणं नाही. लेकीचं बाळंतपण दुसरं कोणी तरी करेल. आणि आश्चर्य म्हणजे तरीसुद्धा, सांगितलं ते चुकलं असं काही तिला वाटेना.

सहाच्या सुमाराला रूपेशचा फोन आला. आवाज जड होता, झोप झाली नसावी.

"मामी, काल मी आईला फोन केला. ती माझ्यावरच चिडली. म्हणाली, तिनं सांगितलं तर सांगू दे, तू आता ते धरून बसू नकोस." तो थांबला. "पण मी धरून बसणार. थोडे दिवस तरी. तुम्हाला खोटं सांगत नाही. माफ केलं वगैरे मी म्हणणार नाही. ते म्हणायचं असेल तर आई म्हणेल, तिच्या पायाला पाणी लागलंय."

"बरोबर हाय," कमळाबाई म्हणाली.

"दिपा काल खूप रडली. आज तिने मला एकच सांगितलं. तिला आई हवीय. माझी पण आणि तिची पण. म्हणून मी आईला परत विचारलं, गुडघ्याचं नाटक पुरे, येतेस का? ती हो म्हणाली. पण खोली एकच आहे. त्यात दोन कॉट मावतात." मग त्याने विचारलं, "माझ्या आईबरोबर एका खोलीत राहाल?"

कमळाबाईने विचारलं, "तिला चालंल का?"

"तिनेच सुचवलंय. बाबा लोकांना हॉटेलात टाका म्हणाली."

"राहीन," कमळाबाई म्हणाली.

निकेशने घाईघाईने लॅपटॉप उघडला. गल्लीच्या टोकाचं ते लहानसं हॉटेल अजून मोकळं होतं. "बाबा, डबल बेड आहे किंवा दोन वेगळे. कसं करू?"

"येगळे कर," जगन म्हणाला. मग त्याने स्वतःचा मोबाइल काढला, चष्मा लावून पांडूचा नंबर शोधला. भट्टी बंद झाल्यापासून त्याने तो कधी लावला नव्हता. "पांडू, मी जगन. आपल्या दोगांना एक खोली घेतोय रे तिकडं."

पलीकडून पांडू काहीतरी चाचरत बोलला. जगन ऐकत होता. "शेठ, मी घोरतो," असं पांडू म्हणाला होता.

"मी बी घोरतो," जगन म्हणाला. "आन् आता शेठ नको बोलू. भट्टी गेली, शेठ गेला."

कमळाबाईच्या रकान्यात निकेशने रूपेशच्या घराचा पत्ता टाकला. डच नाव लांबलचक होतं, ते त्याने दोनदा तपासलं.

सोमवारी पहाटे गाडी आधी आपट्याकडे गेली. पांडू आणि मंगळी रस्त्यावर येऊन उभेच होते, कागदांची पिशवी छातीशी धरून. निकेश गाडी चालवत होता. जगन पुढे बसणार होता, पण त्याने पांडूला पुढे बसवलं आणि स्वतः मागे, खिडकीशी आला. दोघी बायका मध्ये आणि कडेला. कमळाबाईचं सहज खाली लक्ष गेलं. मंगळीने चपला काढून एका प्लास्टिकच्या पिशवीत घातल्या होत्या आणि ती पिशवी मांडीवर धरली होती. पाय अनवाणी, गाडीतल्या मॅटवर अर्धवट उचलून धरलेले.

"घाला हो चपला," कमळाबाई म्हणाली.

"चिखल हाय त्यांना."

"असू दे."

मंगळीने घातल्या नाहीत. मुंबई येईपर्यंत ती पिशवी तशीच मांडीवर राहिली. खूप वेळाने, खाडीचा पूल ओलांडताना तिने विचारलं, "तिकडं डिंक मिळंल?"

"नाय मिळायचा. आपण नेऊ."

"आन् आळीव?"

"त्ये बी."

"मग बाळंतशेपा बी घ्या," मंगळी म्हणाली आणि परत खिडकीबाहेर बघायला लागली.

चौघांचेही व्हिसा आले. सप्टेंबरच्या शेवटी ते गेले. हॉटेल दोघा म्हाताऱ्यांना इतकं मानवलं, की न्याहारीच्या उकडलेल्या अंड्यांवरून त्यांची रोज पैज लागायची. वरच्या खोलीत दोघी बायका दोन कॉटवर झोपत. बोलणं कामापुरतं होत असे. कधी कधी जास्तही. मंगळीने माफ केल्याचं कधी म्हटलं नाही, आणि कमळाबाईने कधी विचारलं नाही. रूपेश आदराने वागे, ताट वाढे, पण तिच्याशी बोलताना त्याचे डोळे दुसरीकडे असत. तिला ते रास्त वाटे.

मुलगी झाली. बारावा दिवस असेल. दिपिका आंघोळीला गेली होती, मंगळी खाली बाजारातून मासे घेऊन यायची होती. रूपेशला ऑफिसला जायचं होतं आणि बाळ त्याच्या हातात रडत होतं. त्याने जिन्यातून खाली पाहिलं, आई आली नव्हती. मग तो खोलीच्या दारात आला आणि क्षणभर थांबला.

"मामी," तो म्हणाला, "धरता का हिला?"

कमळाबाईने पदराला हात पुसून पुढे केले.